'तृतीय रत्न' ते 'जय भीम' : पडदा बदलला, पहारेकरी बदलला का?



नोव्हेंबर 2021 मधली गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती, पण माणसं अजून घाबरतच एकत्र येत होती. शहादा तालुक्यातल्या एका वस्तीत, एका घरी आम्ही पंचवीस-तीस जण टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. कोणाच्या तरी भाच्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता आणि 'जय भीम' हा तमिळ सिनेमा हिंदीत सुरू होता. आमच्यात बौद्ध होते, तसे शेजारच्या पाड्यावरचे भिल्ल तरुणही होते. कोठडीतल्या मारहाणीचे प्रसंग सुरू झाले आणि घरात कोणी कोणाशी बोलेना. सिनेमा संपल्यावर एका भिल्ल मित्राने विचारलं, "दादा, हा पिक्चर आपल्या टॉकीजला का नाही आला?"

मी मोठ्या उत्साहात उत्तर दिलं, "आता टॉकीजची गरजच राहिली नाही रे. सगळं मोबाइलवर येतं. आता आपली गोष्ट कोणी अडवू शकत नाही."

माझं उत्तर चुकीचं होतं. निदान अर्धवट तरी होतं. नंतरच्या चार वर्षांत जे घडलं त्याने मला ते दाखवून दिलं. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने तरी साधनाला मुक्ती समजण्याची चूक करायला नको होती. म्हणून हा लेख. आपल्यातले बरेच तरुण आजही म्हणतात, की ओटीटीमुळे सिनेमा लोकशाहीवादी झाला, मक्तेदारी संपली. हे म्हणणं तपासायचं असेल तर पडद्याचा आणि त्याआधीच्या रंगमंचाचा इतिहास आपल्या बाजूने वाचावा लागेल. तो वाचताना तीन प्रश्न हातात ठेवू. आत कोण सोडतो? मोजतो कोण? आणि जपून कोण ठेवतो?

पहिला पहारेकरी

महात्मा फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. गरोदर बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून भटजी कसा लुबाडतो आणि शिक्षण हाच त्यावर उपाय कसा, हा त्याचा विषय. तात्यासाहेबांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा पैसा इंग्रजांनी पुढे ग्रंथांच्या बक्षिसाकडे वळवला होता, त्याची ही कमिटी. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे नाटकाचं काही चाललं नाही. ते छापून आलं 1979 साली. म्हणजे लिहिल्यानंतर तब्बल 124 वर्षांनी.

या नाटकावर बंदी नव्हती आणि ते कोणी जाळलंही नाही. फक्त निवडलं गेलं नाही. निवडणाऱ्यांच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, एवढ्यावर त्याचं नशीब ठरलं.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ते पाक्षिक उभं राहिलं. बाबासाहेब दुसऱ्याच्या पेपरात दोन ओळींची जागा मागत बसले नाहीत. त्यांनी स्वतःचा पेपर काढला. सत्यशोधकांनी तमाशाच्या फडातून जलसा उभा केला आणि 1930 च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाने आंबेडकरी विचार गावोगाव नेला. जलशाला कमिटी नव्हती, तिकीट नव्हतं. ढोलकी आणि डफ होता आणि समोर बसलेला समाज होता. पुढचा सगळा इतिहास वाचताना हा मुद्दा लक्षात ठेवा.

टॉकीजने तिकीट दिलं, गोष्ट दिली नाही

मे 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. भारतीय सिनेमाची सुरुवात पुराणकथेने झाली आणि पुढची कित्येक वर्षं पुराणकथाच चालली. पण टॉकीजमध्ये एक क्रांतिकारक गोष्टही होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. खिडकीवर आणे टाकले की तिकीट मिळायचं, जातीचा दाखला मागत नसत. देवळाच्या पायरीवर अडवला जाणारा माणूस अंधारात सगळ्यांच्या बरोबरीने बसून तोच देव पडद्यावर बघत होता. आपल्या तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. खानदेशातल्या अशा यात्रा-जत्रांमध्ये तंबू थिएटरं यायची आणि आपल्या आज्या-आजोबांनी सिनेमा पाहिला तो अशाच तंबूत, जमिनीवर बसून. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर 2016 साली 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट आला, तोवर हा धंदा शेवटच्या घटका मोजत होता.

प्रेक्षक म्हणून आत सोडलं, पण पडद्यावर? केरळात 1930 च्या सुमारास पी. के. रोझी नावाच्या दलित मुलीने 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम सिनेमात नायर स्त्रीची भूमिका केली. दलित मुलगी वरच्या जातीची बाई झाली, हे सवर्णांना सहन झालं नाही. तिच्यावर हल्ले झाले, तिला गाव सोडून पळावं लागलं. पुन्हा ती कधी पडद्यावर आली नाही.

1936 साली दोन गोष्टी घडल्या. बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचे विध्वंसन' छापून आलं, आणि बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' पडद्यावर आला. ग्रंथ सांगत होता, की जातीच्या मुळाशी असलेल्या धर्मशास्त्रालाच हात घातला पाहिजे. सिनेमा सांगत होता, की अस्पृश्य मुलगी चांगली असते, आणि शेवटी तिला रेल्वेखाली मारत होता. 1959 च्या 'सुजाता'त अस्पृश्य मुलीचं रक्त आईच्या जीवासाठी कामी येतं तेव्हा कुठे तिला लेक म्हणून मान मिळतो. 1980 च्या 'आक्रोश'मधला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ पूर्ण सिनेमाभर गप्प असतो आणि बोलतो त्याचा वकील. या सिनेमांची कळकळ मी नाकारत नाही. 'आक्रोश' तर आजही अंगावर येतो. पण या सगळ्यांत आपण सहन करतो, मरतो किंवा मुके असतो. आपल्या घरातला संघर्ष, आपली जयंती, आपला विनोद, आपलं प्रेम कुठे नाही.

अपवाद होते. आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला, त्याच्या मुहूर्ताला 1954 साली स्वतः बाबासाहेब गेले होते आणि मराठीतल्या उत्कृष्ट सिनेमाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक त्याला मिळालं. पण अपवादाने घराची मालकी बदलत नाही.

दूरदर्शन आणि मणिबेली

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. सरकारी पडदा म्हणजे सगळ्यांचा पडदा, असं वाटायला हरकत नव्हती. पण ज्या कार्यक्रमाने अख्खा देश रविवारी सकाळी घरात बसवला तो 1987 चा 'रामायण'. करदात्यांच्या पैशावरच्या त्या पडद्याने देशाला एक धर्मकथा सामुदायिकपणे बघायला लावली आणि पुढच्या राजकारणात त्याचं काय झालं, ते आपण भोगलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेल्या देशाला सरकारने काय दाखवलं? पुन्हा तेच 'रामायण'.

आता आपल्याच जिल्ह्याची गोष्ट बघा. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं मणिबेली हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली जायला लागलं. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी तो लढा कॅमेऱ्यात टिपला आणि 1995 साली 'अ नर्मदा डायरी' हा माहितीपट आला. घर पाण्यात जात असताना न हलणारी माणसं, आपल्या डोंगरातली माणसं, त्यात आहेत. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचा हा दस्तऐवज आहे. पण तो पाहिलेली किती घरं तुम्हाला जिल्ह्यात सापडतील? मी स्वतः तो पाहिला तो एम. ए. करताना, तोही शहरात. त्याच पटवर्धनांना 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' हा त्यांचा माहितीपट दूरदर्शनवर दाखवला जावा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. निकाल 2006 साली त्यांच्या बाजूने लागला, तोवर माहितीपटाला दहा वर्षं उलटून गेली होती.

खाजगी वाहिन्या आल्या तेव्हा पहारेकऱ्याचं नाव बदललं. आता तो टीआरपी झाला. ठरावीक घरांत मीटर बसवायचे आणि त्या घरांनी काय पाहिलं त्यावरून सगळ्या महाराष्ट्राची आवड ठरवायची. मे 2019 मध्ये स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली, तेव्हा रात्री आपल्या वस्त्यांमधली घरं टीव्हीसमोर बसायची. लोकांनी स्वतःहून फलक लावले, लहान पोरं संवाद पाठ म्हणायला लागली. दुसरीकडे सोनी मराठीवरची 'सावित्रीजोती' ही मालिका जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये बंदही झाली. कारण काय, तर टीआरपी नाही. ज्या पाड्यांवर ती बघितली गेली तिथल्या किती घरांत मीटर होता? मोजणीच्या बाहेर असलेल्या माणसाची आवड ही आवड धरली जात नाही.

आपली समांतर वाट

मग आपण तोपर्यंत गप्प होतो का? मुळीच नाही. जलशानंतर कॅसेट आली. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटवरून घराघरांत गेले. डॉ. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' सरकारी पैशातून तयार झाला, मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आमच्यासारख्यांच्या गावात तो टॉकीजला आल्याचं कोणाला आठवत नाही. मी तो पाहिला दीक्षाभूमीवरून आणलेल्या सीडीवर. ती सीडी वस्तीत इतकी फिरली, की शेवटी चरे पडून बंद झाली. रमाबाई नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे जीव गेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. त्या घटनेपासून चौदा वर्षं काम करून पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' (2011) पूर्ण केला आणि तो वस्त्यावस्त्यांमध्ये पडदे लावून दाखवला गेला.

दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीचे स्टॉल ही आपली वितरण व्यवस्था होती. पुस्तकं, कॅसेट, सीडी, कॅलेंडर सगळं तिथून जायचं. तिला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नव्हती. ही व्यवस्था आपण उभी केली होती, हे आपण पटकन विसरलो.

2016 : एका वर्षात दोन घटना

2016 हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या वर्षी 29 एप्रिलला नागराज मंजुळेंचा 'सैराट' आला आणि शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. आणि 5 सप्टेंबरला जिओ आलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरमध्ये अमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात आले होते. हॉटस्टार त्याच्या आदल्या वर्षीच सुरू झालं होतं.

'सैराट' ही टॉकीजने दिलेली ताकद होती. जिओने डेटा स्वस्त केला आणि मोबाइल हाच पडदा झाला. आपल्याकडे अहिराणी गाणी, खानदेशी विनोदी व्हिडिओ, पावरी-भिलोरी गाण्यांचे लग्नातले व्हिडिओ यूट्यूबवर धो-धो चालायला लागले. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज कुठल्याही कॅसेट कंपनीने नव्हे, मोबाइलवरच्या व्हिडिओने महाराष्ट्रभर नेला. आपल्या शेजारच्या मालेगावात यंत्रमाग चालवणाऱ्या पोरांनी नासिर शेख यांच्याबरोबर व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला होता. पंचवीस वर्षांनी त्यांच्याच आयुष्यावर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (2025) हा हिंदी सिनेमा आला आणि नंतर तो प्राइमवर गेला. मालेगावच्या पोरांची गोष्ट जगाने पाहिली, ही आनंदाची बाब आहे. पण मालेगावचा स्वतःचा सिनेमा तोवर मोडकळीला आला होता, हेही त्याच गोष्टीचं दुसरं अंग आहे.

दार उघडलं, हे खरं

ओटीटीने काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. 2 नोव्हेंबर 2021 रोजी 'जय भीम' थेट प्राइमवर आला. 1993 साली तामिळनाडूत राजाकन्नू या माणसाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला, त्याच्या पत्नीच्या बाजूने वकील के. चंद्रू, पुढे मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती, यांनी लढा दिला, त्यावर हा सिनेमा आहे. कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवलेलं आपलं अभिवादन एका तमिळ सिनेमाचं नाव झालं. एकाच दिवशी चेन्नईत, दिल्लीत आणि शहाद्याच्या वस्तीत तो पाहिला गेला. टॉकीजच्या काळात हे अशक्य होतं.

आणि आमच्या जिल्ह्यात त्याने एक खास काम केलं. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबारमध्ये सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. बौद्ध थोडे. इथे आंबेडकरी चळवळीला आदिवासींशी नातं जोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चोरीच्या खोट्या आरोपात उचललेल्या इरुळर आदिवासीची गोष्ट 'जय भीम' या नावाखाली आली, तेव्हा आमच्या दहा भाषणांनी झालं नसतं ते काम झालं. 'हा आपला पिक्चर आहे' असं भिल्ल मित्र म्हणाला, तेव्हा त्या 'आपला'मध्ये आम्ही दोघंही होतो. एक टीकाही इथेच नोंदवतो. खरा राजाकन्नू कुरवर समाजाचा होता, सिनेमाने त्याला इरुळर केलं. खऱ्या माणसाची ओळख बदलण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न आपण आपल्या माणसांनाही विचारला पाहिजे.

नीरज घायवान यांची 'गीली पुच्ची' (2021) नेटफ्लिक्सवर आली. तिची दलित नायिका बिचारी नाही, हुशार आहे, चिडलेली आहे. 2023 मध्ये 'मेड इन हेवन'च्या एका भागात बाबासाहेबांच्या फोटोसमोर बौद्ध पद्धतीचं लग्न झालं. श्रीमंतांच्या लग्नांवरच्या मालिकेत आपलं मंगल परिणय! त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला तेच होतं.

आणि दार बंद करणारेही आले

आता दुसरी बाजू. सिनेमागृहातल्या सिनेमाला 1952 च्या कायद्याने सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. ओटीटीला ते लागत नाही. म्हणूनच आपल्याला वाटलं की पहारेकरी गेला.

जानेवारी 2021 मध्ये 'तांडव' मालिकेवरून देशभर गुन्हे दाखल झाले. तिच्यातला दलितांविषयीचा एक संवाद आपल्यालाही खटकणाराच होता, पण मुख्य आरडाओरडा देवाच्या प्रसंगावरून झाला. दृश्यं कापली गेली, कंपनीने माफी मागितली. 25 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्र सरकारने नवे आयटी नियम आणले. त्यात तक्रारींच्या तीन पायऱ्या आहेत आणि वरची पायरी सरकारची आहे. कात्री आता कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर आली. पूर्वी बोर्डाने काय कापलं ते बाहेर कळायचं, त्यावर भांडता यायचं. आता कथा लिहितानाच काय वगळलं गेलं, ते तुम्हाला-मला कधीच कळणार नाही.

एप्रिल 2025 मध्ये 'फुले' सिनेमा आला. तो तात्यासाहेबांच्या जयंतीला, 11 एप्रिलला लागणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, बोर्डाने महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला सांगितले आणि तो 25 एप्रिलला लागला. ज्यांनी जातीविरुद्ध आयुष्य घालवलं त्यांच्या सिनेमातून जातींची नावं काढायची! 1855 ची कमिटी आणि 2025 चं बोर्ड, मध्ये 170 वर्षं.

"पण हे टॉकीजचं झालं, ओटीटीवर असं होत नाही," असं कोणी म्हणेल. मग संध्या सुरी यांच्या 'संतोष'चं काय झालं ते बघा. दलित मुलीवरचा बलात्कार आणि खून, पोलिसांतला जातीयवाद आणि मुस्लिमद्वेष हा त्याचा विषय. कान महोत्सवात दाखवला गेला, ब्रिटनने ऑस्करला पाठवला. भारतात बोर्डाने सुचवलेली काटछाट मान्य करणं शक्य नव्हतं, म्हणून टॉकीजला आला नाही. मग 17 ऑक्टोबर 2025 रोजी तो एका ओटीटीवर येणार असं जाहीर झालं आणि ऐनवेळी तेही थांबलं. प्रमाणपत्राची गरज नसलेल्या पडद्यावरही तो येऊ शकला नाही. "आता कोणी अडवू शकत नाही" हे माझं वाक्य त्या दिवशी खोटं ठरलं.

मोजणी कोणाच्या वहीत?

दुसरा प्रश्न मोजणीचा, आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो.

'सैराट' हाऊसफुल चालला तेव्हा तो बोर्ड सगळ्यांना दिसत होता. तिकीट खिडकीचा आकडा जाहीर होता. आपल्या पोरांनी चार-चार वेळा तिकिटं काढली, त्याचे पैसे झाले, आणि त्या आकड्याच्या जोरावर नागराज अण्णा अमिताभ बच्चनला घेऊन 'झुंड' करू शकले, त्यात भीमजयंती दणक्यात दाखवू शकले. तिकीट हे एक प्रकारचं मत होतं. संख्या हीच बहुजनांची ताकद, आणि तिकीट खिडकीवर ती संख्या दिसत होती.

ओटीटीवर ती संख्या कंपनीच्या पेटीत बंद असते. 'जय भीम' किती बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांनी पाहिला? तो आकडा कंपनीकडे आहे, आपल्याकडे नाही. आणि आमच्या वस्तीत एका मोबाइलवरून तीस जणांनी पाहिला, तो कंपनीच्याही वहीत एकच प्रेक्षक. 2023 साली अमेरिकेत पटकथालेखकांचा संप 148 दिवस आणि कलाकारांचा 118 दिवस चालला, त्यामागच्या कारणांत हेही होतं. आमचं काम किती वेळा पाहिलं जातं ते सांगत नाही आणि त्याप्रमाणे पैसेही देत नाही, ही त्यांची तक्रार होती. हॉलिवूडच्या संघटित लेखकांना रस्त्यावर यावं लागलं, तर करार न वाचता सही करणाऱ्या आपल्या भीमगीत गायकाचं काय होत असेल?

त्यात आता कंपन्यांनी खरेदीचा हात आखडता घेतलाय. आधी टॉकीजला किती चालला ते दाखवा, मग किंमत ठरवू, असा व्यवहार सुरू झालाय. म्हणजे ज्याला टॉकीज मिळत नाही त्याला ओटीटीही नाही. फिरून पुन्हा दारातच.

आपल्या जिल्ह्यासाठी यात एक वेगळीच विटंबना आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आपल्या बोटांचे ठसे आणि डोळे देशात सगळ्यात आधी मोजले गेले. पण धडगावच्या डोंगरात आजही फोन लावायला टेकडी चढणारी माणसं मला भेटतात. आपली माहिती घेताना यंत्रणा पाड्यापर्यंत येते. आपली आवड विचारायला, आपल्या भाषेत गोष्ट घेऊन कोणी येत नाही.

जपून कोण ठेवणार?

तिसरा प्रश्न. रोझीचा 'विगतकुमारन' आज उपलब्ध नाही, त्याची प्रतच उरली नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' (1931) तोही हरवला. पण निदान तेव्हा प्रती वेगवेगळ्या गावांत असायच्या, एखादी सापडण्याची आशा असायची. ओटीटीवर प्रत एकाच ठिकाणी असते. डिसेंबर 2023 मध्ये 'अन्नपूर्णी' हा तमिळ सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. ब्राह्मण मुलगी मांसाहारी स्वयंपाक शिकते, ही गोष्ट. तक्रारी झाल्या आणि जानेवारी 2024 मध्ये तो एकाएकी काढून टाकला. एका बटणाने लाखो घरांतून सिनेमा नाहीसा झाला. दीक्षाभूमीवरून आणलेली आमची चरे पडलेली सीडी कोणी बटण दाबून काढून घेऊ शकत नव्हतं.

आपण महिन्याचे पैसे भरतो आणि समजतो की सिनेमा आपल्याकडे आहे. आपल्याकडे काहीच नसतं. आपण फक्त भाडेकरू असतो.

मग करायचं काय?

काही मित्र म्हणतील, बहिष्कार टाका. मला ते पटत नाही. बाबासाहेबांनी इंग्रजांचं कॉलेज, इंग्रजांचं कोर्ट, इंग्रजांची गोलमेज परिषद, सगळं वापरलं. साधन वापरायचं, फक्त त्याला आपलं घर समजायचं नाही. काही म्हणतील, निदान आत तरी येऊ देताहेत, टीका कशाला? त्यांनी 'सावित्रीजोती' आणि 'संतोष' आठवावेत.

माझ्या कामाच्या अनुभवातून काही गोष्टी सुचवतो. त्या लहान आहेत, पण आपल्या हातातल्या आहेत.

एक, एकट्याने मोबाइलवर बघू नका. विहारात, अभ्यासिकेत एकत्र बघा, नंतर तासभर बोला आणि एका वहीत तारीख, सिनेमा आणि किती जणांनी पाहिला ते लिहा. कंपनी आकडा देत नाही तर आपला आकडा आपण ठेवू. दहा तालुक्यांच्या अशा वह्या एकत्र झाल्या तर तो पुरावा होतो.

दोन, घराघरांत पडलेल्या कॅसेट, सीडी, जलशाच्या वह्या, जयंतीचे जुने व्हिडिओ गोळा करा. गायकाचं नाव, गाव, वर्ष लिहून ते संगणकावर घ्या आणि किमान तीन ठिकाणी ठेवा. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण आपल्या वस्तीची कॅसेट जपायला तिथून कोणी येणार नाही.

तीन, आपल्या गायकांना आणि लेखकांना करार वाचून दाखवा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकार आणि लेखकांना रॉयल्टीचा हक्क दिला आहे. आपल्यात वकील आहेत, त्यांनी जयंतीत सत्कार घ्यावा तसा महिन्यातून एक दिवस यासाठीही द्यावा.

चार, अहिराणीत, भिलोरीत, पावरीत गोष्टी करा. आणि आदिवासींची गोष्ट आपण सांगायला जाऊ नका, त्यांच्या पोरांच्या हातात कॅमेरा द्या. नाहीतर आपणही 'आक्रोश'मधले वकील होऊ आणि लहान्या भिकू पुन्हा गप्पच राहील.

पाच, आयटी नियमांतली तक्रारीची तरतूद आजवर सिनेमा पाडण्यासाठी वापरली गेली. जातिवाचक शिव्या आणि बहुजनांची टिंगल करणाऱ्या मालिकांविरुद्ध आपणही लेखी तक्रार करायला शिकलं पाहिजे. आणि त्याबरोबर मागणी केली पाहिजे, की कुठला सिनेमा कोणाच्या तक्रारीवरून काढला, ते जाहीर करा.

गेल्या महिन्यात तो भिल्ल मित्र पुन्हा भेटला. त्याचा मुलगा आता बारावीला आहे, मोबाइलवर शूटिंग करतो. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं होतं. टॉकीजला का नाही आला, कारण टॉकीज आपली नव्हती. आणि ते मोबाइलमधलं दुकानही आपलं नाही."

तो हसला. म्हणाला, "मग पोराला काय सांगू? बंद कर?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला सांग, जे काढशील त्याची एक प्रत घरी ठेव."

पुढच्या रविवारी आम्ही विहाराच्या भिंतीला पांढरी चादर बांधून 'अ नर्मदा डायरी' दाखवणार आहोत. मणिबेलीची गोष्ट आपल्या जिल्ह्यात तीस वर्षांनी. वही तयार आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं, येताना घरातली जुनी कॅसेट असेल तर घेऊन यावी.

जय भीम! जय जोहार!